स्वामी कुवलयानंद : तालमीतून प्रयोगशाळेकडे

कलबुर्गीहून मुंबईकडे निघालेली आगगाडी सोलापूर, दौंड, पुणे ही स्थानके मागे टाकीत बोरघाटाच्या माथ्यावर येते, तेव्हा लोणावळे लागते. आपल्या बिदर-कलबुर्गीकडील प्रवाशांच्या मनात लोणावळ्याची आठवण बहुधा चिक्की आणि पाऊस ह्यांपुरतीच असते. परंतु ह्याच गावी १९२४ साली, वयाची चाळिशी ओलांडलेल्या एका शिक्षकाने एक निराळेच कार्य आरंभिले. आसने आणि प्राणायाम करणाऱ्या माणसाच्या दंडाला त्याने रक्तदाबमापक बांधला, त्याची नाडी मोजली, त्याच्या पोटातील दाब पाऱ्याच्या नळीवर वाचला आणि जे दिसले ते लिहून ठेवले. त्या काळी योगाच्या भक्तांना हा अधर्म वाटला आणि डॉक्टरांना हा वेळेचा अपव्यय वाटला. तो शिक्षक म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद ह्या नावाने ओळखू लागले.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजराथेतील डभोई येथे झाला. हे गाव तेव्हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होते. घराणे मराठी, वडील शिक्षक, आणि घरची स्थिती अशी की मुलाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याच्या साहाय्यावर अवलंबून राहणे भाग पडावे. १९०३ साली ते मॅट्रिक झाले आणि संस्कृत विषयातील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकाविली. ही शिष्यवृत्ती मिळविणे हा त्या काळी केवढा मान समजला जाई, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. पुढे ते बडोद्याच्या महाविद्यालयात गेले. अरविंद घोष त्या वेळी तेथे अध्यापक होते. अरविंदांचा आणि लोकमान्य टिळकांचा प्रभाव ह्या तरुणाच्या मनावर खोल पडला, आणि आयुष्यभर अविवाहित राहून देशसेवा करावयाची असा निश्चय त्याने केला. असे निश्चय त्या पिढीत पुष्कळांनी केले; ह्याने तो अखेरपर्यंत पाळला.

ह्या कथेत खरे वळण आणले ते महाविद्यालयाने नव्हे, तालमीने. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिर नावाचा प्रख्यात आखाडा होता आणि तेथे राजरत्न प्रोफेसर माणिकराव शिकवीत असत. १९०७ ते १९१० ह्या काळात गुणे ह्यांनी त्यांच्या हाताखाली व्यायाम केला. माणिकरावांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी आखाड्यातील विद्या एकेकट्या मल्लापुरती न ठेवता ती शेकडो मुलांना एका वेळी, एका तालावर शिकविण्याची पद्धत बसविली. शाळेच्या मैदानावर आपण आज रांगांनी कवायत करतो, तीमागे अशा अनेक गुरूंचे परिश्रम आहेत. जोर, बैठका, मलखांब, लाठी ह्यांनी घामाघूम झालेल्या मुलांना पाहता पाहता गुणे ह्यांच्या संस्कृत शिकलेल्या मनात प्रश्न उभा राहिला असावा. ह्या श्रमाने दंड भरतात हे तर उघड दिसते. पण आत, जेथे डोळा पोचत नाही, तेथे काय घडते?

हा प्रश्न तेव्हा जगातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पडलेला होता. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन हे भय आणि क्रोध ह्यांचा शरीरावर होणारा परिणाम तपाशीत होते आणि १९१५ साली त्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. संकट समोर आले की दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावरील लहानशा ग्रंथी ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय वेगाने धडधडू लागते, श्वास जलद होतो, रक्तातील साखर वाढते आणि पचनाचे काम तूर्त थांबते. झुंजावे किंवा पळावे, दोहोंसाठी ही सिद्धता उपयोगी पडते. वीस वर्षांनी, १९३६ साली, कॅनडातील माँट्रिआल येथे हान्स सेल्ये ह्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की थंडी, अतिश्रम, विषारी द्रव्य अशी कारणे निरनिराळी असली तरी शरीराचे उत्तर पुष्कळसे एकाच साच्याचे असते. आणि ही अवस्था फार काळ टिकली तर शरीर खचते. आज आपण ताण हा शब्द सर्रास वापरतो, त्याला वैद्यकीय अर्थ मुख्यतः सेल्ये ह्यांच्यामुळे आला.

विद्यार्थिमित्रहो, ह्यातील थोडे तुम्हांला घरच्या घरी पडताळता येईल. दहा मिनिटे स्वस्थ बसा आणि मनगटावर बोटे ठेवून एका मिनिटात नाडीचे ठोके किती पडतात ते मोजा. मग वीस बैठका मारा आणि लगेच पुन्हा मोजा. त्यानंतर एक मिनिटाने आणि दोन मिनिटांनी मोजा. नित्य खेळणाऱ्या मुलाचे आणि कधीच न खेळणाऱ्या मुलाचे आकडे शेजारी शेजारी मांडा. बहुधा असे आढळेल की खेळणाऱ्याची नाडी मुळात संथ असते, श्रमाने कमी चढते आणि चढली तरी लवकर उतरते. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटास ६० ते १०० असते. सरावलेल्या धावपटूची ४० ते ६० च्या दरम्यानही असू शकते. ह्याचे कारण असे की व्यायामाने हृदय बळकट होते, एकेका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते, म्हणून त्याला थोड्या ठोक्यांत काम भागविता येते. शिवाय हृदयाला आवरून धरणारी जी मज्जातंतूंची व्यवस्था आहे, तिचा अंमलही त्याच्यावर अधिक चालतो. बिदरच्या किल्ल्याचा चढ दोघे मित्र बरोबर चढले आणि वर पोचल्यावर एकजण बोलू लागला, दुसरा मात्र कट्ट्यावर बसून धापा टाकीत राहिला, तर दोघांनी चढ एकच चढला असला तरी दोघांच्या शरीरांना तो एकच पडलेला नसतो.

परंतु गुणे ह्यांच्या चरित्राकडे वळू या. शिक्षण संपल्यावर ते अध्यापनात शिरले आणि १९१६ पासून खानदेशातील अमळनेर येथे शिकवू लागले. पुढे साने गुरुजी ज्या गावी शिक्षक झाले ते हेच अमळनेर. तेथे संस्कृती आणि राष्ट्रीय शिक्षण ह्यांच्या कामात असतानाच १९१९ साली त्यांना बडोद्याजवळ नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास ह्या वृद्ध बंगाली योग्यांचे दर्शन घडले आणि त्यांच्यापाशी त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. तालमीत शरीर कष्टवून बळकट करण्याची विद्या त्यांनी पाहिली होती. येथे शरीर शांत करून बळकट करण्याची विद्या दिसली. एका बाजूस हृदयाला दौडविणे, दुसऱ्या बाजूस त्याला विसावा शिकविणे. ह्या दोन्ही गोष्टी मिळूनच माणसाचे आरोग्य पुरे होते, ही दृष्टी त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसते. माझ्या मते त्यांचे वेगळेपणही ह्यातच आहे.

गुरूवर श्रद्धा होती, पण शिष्य चिकित्सक होता. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली ह्या क्रियांची परीक्षा सुरू केली. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून पोट आत आणि वर खेचून धरतात. नौलीत पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढून फिरवितात. नौली करणारा योगी मोठ्या आतड्यात पाणी वर ओढून घेऊ शकतो, हे जुने लोक जाणत होते, आणि त्याला गूढ शक्ती समजत होते. गुणे ह्यांनी आतड्यातील दाब नळीने पाऱ्याच्या दाबमापकाशी जोडून पाहिला. पारा खाली गेला. म्हणजे पोकळीतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी झाला होता, आणि पाणी वर चढत होते ते पिचकारीत चढते त्याच नियमाने. त्यांनी ह्या निर्वात अवस्थेला आपल्या गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. गूढाचा उलगडा करून दाखविल्यावर त्याच उलगड्याला गुरूचे नाव देणारा शिष्य विरळा. असे करण्यात आपण गुरूचा उपमर्द करीत आहोत असे त्यांना मुळीच वाटले नाही.

१९२३ मध्ये अमळनेरचे राष्ट्रीय महाविद्यालय सरकारी रोषापायी बंद पडले. गुणे तेथे प्राचार्य होते. वय चाळीस, हातची जागा गेलेली, पदरी पैसा नाही, आणि जवळ जी विद्या होती तिला विद्यापीठात स्थान नव्हते. एखाद्या हायस्कुलात संस्कृतची नोकरी त्यांना सहज मिळाली असती. त्यांनी ती मागितली नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये, दसऱ्याच्या सुमारास, लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि त्याच महिन्यात योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक काढले. त्या त्रैमासिकाची रचना पाहण्यासारखी आहे. एक भाग प्रयोगांचे आकडे देणारा, एक ते आकडे समजावून सांगणारा, आणि एक सामान्य माणसाला आसने कशी करावी हे सांगणारा. पंडित, डॉक्टर आणि कारकून, तिघांनाही एकाच अंकात आपापली पाने सापडत.

ह्या प्रयोगांतून आलेले सर्वच निष्कर्ष योगभक्तांना गोड वाटणारे नव्हते. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो अशी समजूत तेव्हा फार पसरलेली होती, आणि आजही पुष्कळ ठिकाणी ती ऐकू येते. स्वामीजींनी मोजून पाहिले. प्राणायामात श्वास खोल असतो हे खरे, पण मिनिटातील श्वासांची संख्या फार घटते. त्यामुळे एकंदरीत अधिक प्राणवायू शोषला जातो असे त्यांना आढळले नाही. त्यांनी ते तसेच छापले आणि प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेवरील त्याच्या परिणामात शोधावे, असे मत मांडले. येल विद्यापीठाचे कोवूर बेहनान हे मूळचे भारतीय मानसशास्त्रज्ञ ह्याच विषयाच्या ओढीने लोणावळ्यास येऊन शिकून गेले. त्यांनी पुढे स्वतःवर मोजमाप केले, तेव्हा प्राणायाम चालू असताना प्राणवायूचा खर्च वाढलेला दिसला, आणि १९३७ साली त्यांनी ते आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केले. गुरुगृहीच्या निष्कर्षाहून वेगळा निष्कर्ष शिष्याने उघडपणे मांडावा, ही रीत आपल्याकडे नवी होती.

शीर्षासन आणि सर्वांगासन ह्यांतील रक्तदाबही स्वामीजींनी १९२६ च्या सुमारास मोजून छापला. डोके खाली केल्याने दाब भलताच चढत असेल असा धाक लोकांना होता. निरोगी आणि सरावलेल्या माणसांत तो वाटला होता तितका चढला नाही. अर्थात ज्यांना आधीच रक्तदाबाचा वा डोळ्यांचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून ह्या आसनांच्या वाटेस जाऊ नये.

रक्तदाबाचा विषय निघाला म्हणून १९२७ ची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिचा आरंभ आपल्यासारख्याच सीमाभागात झाला. महात्मा गांधी त्या वर्षी खादीच्या प्रचारासाठी एकसारखे दौरे करीत होते. मार्चच्या अखेरीस कोल्हापूर-निपाणीच्या बाजूस असताना त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब फार वाढल्याचे आढळले आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आंबोलीस आणि नंतर म्हैसूर संस्थानातील नंदी डोंगरावर त्यांना ठेवण्यात आले. ह्या काळात स्वामी कुवलयानंद आणि गांधीजी ह्यांचा पत्रव्यवहार झाला. गांधीजी आपल्या प्रकृतीचे वर्तमान कळवीत आणि स्वामीजी सौम्य आसने व शवासन ह्यांविषयी सल्ला देत. ह्या प्रसंगातील जबाबदारी विचारात घ्या. साऱ्या देशाचे डोळे ज्या एका माणसाच्या नाडीकडे लागलेले, त्याला व्यायाम सांगावयाचा. तोही डॉक्टरांच्या उपचारांत अडथळा न आणता. थोडे अधिक झाले तर घात, आणि काहीच न सांगावे तर विद्येचा उपयोग काय? स्वामीजींनी जोराचा व्यायाम सांगितला नाही, आणि चमत्काराचे आश्वासनही दिले नाही.

शवासन ही वरवर पाहता अगदी सोपी गोष्ट. उताणे निजावे, हातपाय सैल सोडावे, श्वासाकडे लक्ष द्यावे. पण प्रत्यक्षात खांदे, जबडा, कपाळ ह्यांतील ताठरपणा सुटता सुटत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याने प्रयत्न केला असेल त्याला हे सांगावयास नको. तेव्हा छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. शरीर जणू वाघाशी झुंजावयास सिद्ध झालेले असते आणि समोर असते ते बीजगणित. झुंजण्यासाठी जमविलेली ती शक्ती खर्च व्हावयास वावच मिळत नाही. धावण्याने, पोहण्याने, सूर्यनमस्काराने तिला वाट मिळते. आणि शवासनाने तिची हाक थांबविता येते.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर ह्यांचे मंत्रिमंडळ आले. त्या सरकारने शाळांतील शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद स्वामीजींना दिले. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, कांदिवली येथे व्यायामशिक्षकांना शिकविणारी सरकारी संस्था सुरू झाली. बिदर व गुलबर्गा हे जिल्हे त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे मुंबई प्रांताच्या ह्या योजना येथे लागू नव्हत्या. येथील मुलांना व्यायाम मिळाला तो गावोगावच्या तालमींतून आणि मारुतीच्या देवळापुढच्या लाल मातीतून. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, आणि मगच शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाचा तास सर्वत्र रुळू लागला. तो तास गणिताला देऊन टाकण्याची वाईट खोड कित्येक शाळांना अजूनही आहे, हे येथे जाता जाता नोंदविण्यास हरकत नसावी.

वृद्धापकाळीही स्वामीजींची प्रयोगाची ओढ मंदावली नाही. १९५७ साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञ योग्यांची परीक्षा करण्यासाठी भारतात आले. हृदय थांबविण्याचा दावा करणारे काही योगी त्यांनी विद्युत्-हृदयलेखाच्या यंत्राने तपासले. मनगटावरची नाडी लागेनाशी होत असे, पण यंत्राच्या कागदावर हृदयाचे ठोके चालूच असल्याचे दिसे. छातीचे स्नायू आवळून श्वास कोंडल्याने रक्ताचा ओघ मंदावतो आणि नाडी हरवल्यासारखी वाटते, इतकेच त्यातील रहस्य होते. १९६१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. सारी हयात योगाला वाहिलेल्या माणसास अशा निष्कर्षाने खेद व्हावा अशी कोणाची कल्पना असेल. परंतु जो स्वतःच्याच क्षेत्रातील समजुती पाऱ्याच्या नळीवर तोलीत आला, त्याला ह्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

व्यायाम आणि ताण ह्यांविषयी त्यानंतर पुष्कळ संशोधन झाले आहे. नियमित व्यायाम करणाऱ्याचे हृदय शारीरिक श्रमाला संयमाने उत्तर देते, हे आता निश्चित आहे. मानसिक ताणाच्या बाबतीत मात्र सर्व प्रयोगांचा कौल सारखा नाही. भर सभेत बोलावयास लावले वा घाईने तोंडी हिशेब करावयास सांगितले, तर बळकट माणसाचे हृदयही धडधडते, काही प्रयोगांत तर इतरांइतकेच धडधडते. परंतु ते पूर्वस्थितीवर लवकर येते, असे अनेक ठिकाणी दिसले आहे. तसेच नित्य व्यायाम करणाऱ्यांची झोप अधिक चांगली असते आणि त्यांना चिंता व उदासीनता ह्यांचा उपसर्ग कमी होतो, असेही आढळते. उलट, विश्रांतीवाचून केलेला अतिरेकी व्यायाम हाच एक ताण होऊन बसतो. नाडी सकाळीच चढलेली राहते आणि चिडचिड वाढते. तालमीतील जुने वस्ताद दमलेल्या पोराला एक दिवस मातीत उतरू देत नसत, ते ह्याच अनुभवाने.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद निवर्तले. वय ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या मागे कैवल्यधामातील प्रयोग चालू राहिले. १९६९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी ह्यांनी रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना शवासन शिकवून त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. त्यांचे एक सहकारी डॉ. विनेकर हे लोणावळ्याच्याच संस्थेतील होते. रोज अर्धा तास हे आसन केल्यावर कित्येकांचा रक्तदाब उतरला, आणि जे औषधे घेत होते त्यांपैकी पुष्कळांची मात्रा कमी करता आली. बेचाळीस वर्षांपूर्वी नंदी डोंगरावरील एका रोग्यासाठी पत्राने सांगितलेले हे आसन आता रुग्णालयातील तक्त्यांवर, दिवसवार आकड्यांनिशी नोंदले गेले होते.